पाच मुठी तांदूळ

गरम रुमालानं मी आधी तोंड पुसलं, मग मान पुसली, आणि बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात पुसायला घेतले तेव्हा लेकीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"आई, तो फक्त बोटं पुसायला असतो."

"मग आधी सांगायचं ना! एवढा वाफाळता रुमाल चिमट्यात धरून आणतात, तो काय नुसत्या बोटांसाठी?"

एरवी ती फिस्सकन हसली असती. त्या दिवशी हसली नाही. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बरोबर आहे बाई, या दिवसांत माणसाला हसूबिसू सुचत नाही.

या दिवसांत म्हणजे कुठल्या, ते सांगते. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी तिचा फोन आला होता. तसा तो रोजच यायचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती, ती आणि जावई दोघंच इंदिरानगरला राहायचे, सासू-सासरे विंचूरला. आम्ही पंचवटीत. एकाच नाशकात असून महिना महिना तोंड दिसायचं नाही, पण फोन मात्र चुकायचा नाही. जेवलीस का, जेवले, जावईबापू आले का, येतील, एवढंच बोलणं. पण त्या दिवशी ती म्हणाली, "आई, गुरुवारी दुपारी बाहेर जेवायला जाऊ. फक्त आपण दोघी. मला तुला काहीतरी सांगायचंय. बाबांना आत्ता काही बोलू नकोस."

आता मला सांगा, तीन वर्षं लग्न झालेली लेक आईला एकटीला बोलावते, बाबांना सांगू नको म्हणते, तर कुठल्या आईला याचा दुसरा अर्थ लागेल? मी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. बोटांवर महिने मोजायला गेले, पण मोजणार कशावरून? ती काही बोललीच नव्हती. तरी मी तिसरा महिना ठरवून टाकला. मी एकदा ठरवलं की ठरवलं. आमचे हे म्हणतात, तुझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली की तिला बाहेर काढायला जेसीबी लागतो.

आमच्यात तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. चोर म्हणजे गुपचूप, गाजावाजा न करता, घरच्या घरी. आईनं लेकीची भरायची, खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि पाच मुठी तांदूळ, झालं. दृष्ट लागू नये म्हणून कुणाला सांगायचं नाही. आमचं दुकानच पूजेच्या सामानाचं. ह्यांचा डोळा चुकवून मी ढिगातला चांगला पाणीदार नारळ वाजवून घेतला, हिरवा खण घेतला, हळदी-कुंकवाची डबी घेतली. सगळं मोठ्या पर्समध्ये कोंबलं. नारायणपेठ नेसले, रिक्षा केली, आणि पूल ओलांडून गंगापूर रोडला लागले तेव्हा आठवलं की तांदळाची पुडी स्वयंपाकघरात ओट्यावरच राहिली. कपाळावर हात मारून घेतला. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "काय झालं काकू?" म्हटलं, "काही नाही रे, चालव तू."

हॉटेलच्या दारात लेक उभी होती. मला बघून पुढे आली आणि माझ्या खांद्यावर तिनं डोकं टेकवलं, अगदी क्षणभर. हाडं लागली तिची मला. कानामागं निळ्या शिरा दिसत होत्या. मी म्हटलं, "किती उतरलीस गं!" पण रागावून नाही म्हटलं. हिच्या वेळी माझ्याही तोंडाची चव दुसऱ्या महिन्यापासूनच गेली होती, ही माझ्यावरच गेली म्हणायची.

आत शिरले आणि मी जागीच थांबले. चायनीज म्हणजे मला माहीत असलेलं चायनीज आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवरचं. लाल कापडावर ड्रॅगन काढलेला, भट्टीचा भगभगाट, कढईवर झाऱ्याची खणखण, आणि मंचुरियन असं लालभडक की खाल्लं की बोटांचा रंग दोन दिवस जात नाही. रविवारी हे पिशवीत बांधून सूप आणायचे आणि त्या पिशवीची गाठ सोडण्यावरून आमच्या घरात भांडणं व्हायची. इथे ना ड्रॅगन, ना खणखण. काळ्या दगडाच्या भिंती, एका कोपऱ्यात कुंडीतलं वीतभर वाकडं झाड आणि त्याच्यावर स्वतंत्र दिवा. माणसं जेवत होती, पण आवाज नाही. चमच्याचासुद्धा नाही.

"कुणी गेलंय का गं इथलं?" मी विचारलं.

"हळू बोल आई. इथे असंच असतं."

खुर्चीवर बसले तर काळा बंद गळ्याचा कोट घातलेल्या माणसानं माझ्या शेजारी एक छोटंसं स्टूल आणून ठेवलं. मला वाटलं पाय ठेवायला. तर तो माझ्या पर्सकडे हात करून म्हणाला, "फॉर युवर बॅग, मॅडम." पर्सला स्टूल! आमच्या दुकानात ह्यांना बसायला धड स्टूल नाही, आणि इथे पर्सला मखमलीचं! मी पर्स ठेवली तसा आतला नारळ गडगडला आणि ठक्कन वाजला. त्या माणसानं पर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न झाल्यासारखा निघून गेला. चाळिशी उलटलेला असेल, कानशिलावर पांढरं आलेलं. तिथल्या वाढप्यांवरचा मुख्य दिसत होता.

चहा आला. जेवणाआधी चहा, तोही बिनदुधाचा, बिनसाखरेचा, आणि वर एक फूल तरंगतंय. मी घोट घेतला आणि लेकीकडे बघतच राहिले. निर्माल्याचं पाणी असंच लागत असणार. मग बांबूच्या टोपलीतून वाफाळतं काहीतरी आलं. झाकण काढलं तर उकडीच्या मोदकासारख्या छोट्या छोट्या पाऱ्या, पण इतक्या पातळ की आतलं सारण आरपार दिसतंय. खोबऱ्याच्या आशेनं खाल्लं तर आत शिंगाडा! माझ्या उपासाचा शिंगाडा, लसणीच्या पाण्यात बुडवून, गुरुवारी दुपारी! मी आवंढा गिळला आणि मनात दत्तमहाराजांची माफी मागितली.

"आवडलं का?" लेकीनं विचारलं.

"मेलं तोंडात जातं कधी आणि संपतं कधी ते कळतच नाही. तू खा ना. तू का नाही खात?"

"खातेय."

कुठची खातेय! त्या दोन काड्यांनी एक पारी बशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नेत होती, इतकंच. मी पाहिलं आणि पुन्हा सुखावले. अन्नावरची वासना उडणं, रंग उतरणं, डोळ्यांखाली काळं येणं, सगळं कसं जुळत होतं. एका वाढप्यानं अननसाचे तुकडे घातलेलं काहीतरी आणलं तर मी त्याचा हातच अडवला. "अननस हिला अजिबात नको." लेक म्हणाली, "का गं?" मी म्हटलं, "नको म्हटलं ना. परत ने रे बाबा." आणि मी गालातल्या गालात हसले. देवा, कसली शहाणी समजत होते मी स्वतःला.

तेवढ्यात एक गोष्ट झाली. त्या हॉटेलात दर पदार्थानंतर पुढ्यातली बशी बदलतात. खरकटं असो वा नसो, जुनी जाते, नवी येते. वाढप्यानं माझी उचलली. मग लेकीच्या मागून हात घालून तिची उचलायला गेला, तर तिनं दोन्ही हातांनी ती बशी घट्ट धरली. नुसती धरली नाही, तिच्यावर ओणवी झाली. काडी खाली पडली. खांदे कानाला लागले तिचे. तो वाढपी बिचारा गांगरून मागे सरला, "सॉरी मॅम, सॉरी मॅम" म्हणायला लागला.

मला लाजच वाटली. "अगं सोड की! बदलतोय तो. काय बाई हे, हिसकावून नेणार आहे का कुणी?"

तिनं हात सोडले. एक एक बोट करून सोडले. तो बशी घेऊन गेला, आणि ती उठून म्हणाली, "मी तोंड धुऊन येते."

उलटीला गेली, मी ठरवलं. म्हटलं हीच वेळ आहे. काळ्या कोटातला तो माणूस जवळून चालला होता, त्याला हाक मारली. आता अशा ठिकाणी मराठी बोलावं की नाही कळेना, म्हणून आमच्या नाशकाच्या हिंदीत म्हटलं, "भाईसाब, थोडे चावल मिलेंगे क्या?"

"शुअर मॅडम. स्टीम्ड ऑर फ्राइड?"

"कच्चे. पकाये हुए नहीं. पाँच मूठ."

तो थांबला. त्याची नजर स्टुलावरच्या पर्सकडे गेली. चेन अर्धी उघडी होती, नारळाची शेंडी आणि हिरव्या खणाचं टोक बाहेर डोकावत होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं इंग्रजी पार धुऊन गेलं.

"ओटी भरायचीय का मावशी?"

"अगं बाई, मराठी आहात होय तुम्ही! मग मघापासून काय मॅडम मॅडम लावलंय?"

"सटाण्याकडचा आहे मावशी. इथं असंच बोलावं लागतं." तो हळूच हसला. "पण आपल्याकडं जाड तांदूळ नाय, जास्मिन राइस म्हणून येतो तो आहे. चालंल का?"

"अख्खा आहे ना? तुकडा नाही ना? मग चालतो. पण तिच्यासमोर लगेच नका आणू. तिला सांगू दे आधी."

"समजलं," तो म्हणाला. सलाम केल्यासारखा कपाळाला हात लावून गेला. मला तो माणूस फार आवडला.

लेक परत आली. डोळे लाल, केस कानाशी ओले. मी तिच्याकडे सरकले आणि आवाज खाली आणून म्हटलं, "होतं असं. तुझ्या वेळी मी पाच महिने ओकत होते. आलं ठेवत जा तोंडात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, तुला काय वाटतंय?"

"मला काही वाटत नाही बाई. तू सांग. तू बोलावलंयस." आणि मी हातावर हात ठेवून, चांगलं हसरं तोंड करून बसले.

"मी त्याला सोडून आलेय," ती म्हणाली. "आज नऊ दिवस झाले. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे राहतेय."

माझं तोंड हसरंच राहिलं. खरं सांगते, ते मिटायचंच विसरलं. नऊ दिवस! नऊ दिवस मी रोज संध्याकाळी विचारत होते जावईबापू आले का, आणि ती म्हणत होती येतील. मग डोक्यात तिडीक गेली. ओरडायला तोंड उघडलं, आणि सगळीकडून ती शांतता अंगावर आली. पलीकडच्या टेबलावर एक बाई काडीनं एकच शेंग उचलत होती.

"का?" मी कुजबुजले. "मारतो?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"मग बाहेर कुठे काही?"

"नाही गं आई." ती टेबलाकडे बघत बोलायला लागली, पाठ केलेलं म्हणावं तसं. "त्याचं काही बिनसलं की तो माझं ताट उचलतो. मी जेवत असताना. समोरून उचलून नेतो आणि सिंकमध्ये ओततो. काही बोलत नाही. ओरडत नाही. ताट घासूनसुद्धा ठेवतो. आधी महिन्यातून एखाद्या वेळी करायचा. मग भाजीत मीठ कमी, मग तुझा फोन लांबला म्हणून, मग काहीच कारण नाही. गेलं वर्षभर मी घरात बसून पोटभर जेवलेली नाहीये. ऑफिसमध्ये जेवते. रविवारी नाही जेवत."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी. मी म्हणाले, "एवढंच?"

लिहितानासुद्धा हात थांबतोय. पण म्हणाले मी तसं. कारण माझ्या डोळ्यांपुढे आला तो मुलगी पाहायला आला होता तो दिवस. पोहे खाऊन झाल्यावर त्यानं स्वतःची बशी स्वतः उचलून आत मोरीत नेऊन ठेवली होती. मी केवढी हुरळले होते! शितावरून भाताची परीक्षा करते मी, असं म्हणत अख्ख्या पंचवटीत सांगत सुटले होते, आमचा जावई स्वतःचं ताट स्वतः उचलतो हो. भाजीवालीलासुद्धा सांगितलं होतं.

"एवढंच," लेक म्हणाली. "दिवाळीतही तू हेच म्हणालीस."

"दिवाळीत? दिवाळीत तू कधी काय बोललीस मला?"

"मी मोठी बॅग घेऊन आले होते. तू विचारलंस, चार दिवसांना एवढी बॅग कशाला गं. भाऊबीज झाल्यावर तू चकल्या डब्यात भरत होतीस, तेव्हा मी म्हणाले, आई, मी अजून राहू का? तो जेवताना मला त्रास देतो. तू म्हणालीस, एवढंच ना? पुरुषांचं जेवणावरून चालतंच, तुझे बाबा काय कमी बोलतात? आणि लगेच देवघरातून नारळ आणलास. ओटी भरलीस. मी नको म्हणत होते आई. तू माझी ओढणी हातानं पसरून त्यात तांदूळ घातलेस आणि मला रिक्षात बसवलंस."

मला ते सगळं आठवत होतं. चकल्या आठवत होत्या, डबा आठवत होता. ती काहीतरी पुटपुटली होती तेही आठवत होतं. मला घाई होती, कारण शेजारणीनं दोनदा विचारलं होतं, लेक अजून आहे का हो? ओढणी पसरली तेव्हा तिचे हात अंगाशी घट्ट होते, तेसुद्धा आठवलं. मी त्या वेळी म्हटलं होतं, लाजतेस काय, पुढे कर.

"मग घरी का नाही आलीस?" माझा मलाच आवाज ओळखू येईना. "इथे कशाला आणलंस मला, या मसणवटीसारख्या शांत जागेत?"

"म्हणूनच." आता पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "घरी तू ओरडली असतीस, मला बोलूच दिलं नसतंस. इथे तुला ओरडता येणार नाही, पूर्ण ऐकून घेशील. आणि इथे तुझ्याजवळ नारळ नसेल."

माझ्या गुडघ्याला स्टूल लागत होतं. मी पर्सची चेन ओढायला हात नेला, अगदी चोरासारखा. पण तेवढ्यात तो आला. दोन्ही हातांत पांढरीशुभ्र चिनी मातीची वाडगी, तिच्यावर झाकण, खाली घडी घातलेला रुमाल. आपल्या बहिणीच्या घरी कार्य असावं अशा कौतुकानं त्यानं ती आमच्यामध्ये ठेवली, झाकण काढलं, आणि लेकीकडे वाकून म्हणाला, "अभिनंदन, ताई."

आत तांदूळ. लांब, पांढरे, एक तुकडा नाही. वर शीग लावलेली.

लेकीनं तांदळाकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे, मग पर्सकडे. नारळाची शेंडी, हिरवा खण. मी काही सांगायची गरजच राहिली नाही.

"आई, तुला वाटलं मला..."

"चोरओटी," मी म्हटलं. "मला वाटलं तिसरा महिना... तू म्हणालीस बाबांना सांगू नकोस, म्हणून..."

तिला हसू आलं. खरंच आलं. तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि हसता हसता ते कधी रडणं झालं ते मला कळलं नाही. रडतानाही आवाज नाही. एवढा आवाज दाबून रडायला ती कुठे शिकली असेल? तो सटाण्याचा माणूस जागीच खिळला होता. त्याला कळलं होतं की काहीतरी भलतंच झालंय, पण जावं की थांबावं ते कळत नव्हतं.

मग लेकीनं डोळे पुसले. खांद्यावरची ओढणी काढली, मांडीवर घेतली आणि दोन्ही टोकं धरून माझ्यापुढे पसरली.

"भर," ती म्हणाली. "आणलंयस ना सगळं? भर, आणि पाठव."

तिनं रागानं म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. पण ती दमून म्हणत होती. खरंच भरली असती तर ती खरंच उठून गेली असती, अशा स्वरात म्हणत होती. पन्नास वेळा तरी मी माझ्या हातानं लेकीसुनांच्या ओट्या भरल्यात. नणंदांच्या, पुतण्यांच्या, शेजारच्या मुलींच्या. प्रत्येक वेळी मला वाटायचं मी देतेय. पदर पसरून समोर बसलेल्या बाईला काय वाटत असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"नाही भरणार!" मी म्हणाले.

म्हणाले म्हणजे ओरडले. पंचवटीत पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. त्या वाकड्या झाडाशी उभा असलेला वाढपी दचकला. काडीनं शेंग उचलणाऱ्या बाईची शेंग खाली पडली. अख्खं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. बघू दे. मेलं गेलं उडत.

"ओटी जाणाऱ्या लेकीची भरतात! तू कुठे चाललीयेस? तू कुठेही जात नाहीयेस. तू घरी चाललीयेस, माझ्याबरोबर, आत्ता, मिळेल त्या रिक्षेनं. घे ती ओढणी खांद्यावर. घे म्हणते ना!"

"बाबा?"

"बाबांचं मी बघते."

"लोक विचारतील."

"विचारू देत. जावई ताट उचलतो हे मीच गावभर सांगितलंय ना, मग कुणाचं उचलतो तेही मीच सांगीन."

ती ओढणी हातात धरून तशीच बसली. विश्वास बसत नव्हता तिचा. का बसावा? दिवाळीत याच हातांनी तिला रिक्षात बसवलं होतं. मी तिच्या हातातून ओढणी घेतली, तिच्या खांद्यावर घातली, आणि हात तिथेच ठेवला. हाड लागलं हाताला. मघाशी दारात लागलं होतं तेच. मघाशी मला त्याचा आनंद झाला होता. काय बाई मी तरी, म्हणजे काय म्हणावं मला.

मग मी त्या माणसाकडे वळले. "हे तांदूळ आत न्या."

"नेतो मावशी. माफ करा, मला माहीत नव्हतं..."

"तुम्हाला कसं माहीत असणार, मला माहीत नव्हतं! न्या आणि शिजवून आणा. मऊ. अगदी गुरगुट्या. नुसतं मीठ घालून. तूप असेल तर तूप, नाहीतर राहू द्या."

"अमूल बटर आहे."

"तूप नसेल तर काही नको. आणि दुसरं काही आणू नका आता, तुमची ती फुलं आणि शिंगाडे. पुरे झालं."

तो वाडगी उचलून गेला. आम्ही दोघी बसून राहिलो. आजूबाजूला पुन्हा ती शांतता झाली, पण आता लोक तिरक्या नजरेनं बघत होते. मी लेकीला विचारलं, कपडे सगळे आणलेस का मैत्रिणीकडे? म्हणाली, निम्मे. सर्टिफिकेटं? आणली. लग्नातलं? राहिलंय तिकडे. मी म्हटलं, राहू दे. एवढंच बोललो. मला विचारायचं होतं, वर्षभर रविवारी उपाशी राहत होतीस तेव्हा मी फोनवर विचारायचे ना जेवलीस का. पण नाही विचारलं. उत्तर मला माहीत होतं, जेवले. रोज तेच सांगायची आणि मी रोज बरं म्हणून फोन ठेवायचे.

भात आला. एका मोठ्या खोलगट काळ्या बशीत, वाफाळता, मऊ. कडेला एका टीचभर वाटीत तूप. कुठून आणलं कोण जाणे. बहुतेक त्याच्या स्वतःच्या डब्यातलं असावं. मी काड्या बाजूला सारल्या, चमचाही बाजूला केला. भातावर तूप घातलं, हातानं कालवलं आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

तिनं एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिचा डावा हात आपोआप वर आला आणि बशीच्या कडेला येऊन घट्ट बसला. तिला ते कळतही नव्हतं. ती खाली मान घालून भराभर जेवत होती, कुणी येण्याआधी संपवायचं असल्यासारखी.

मघाचा तो वाढपी आला. त्याच्या शिस्तीप्रमाणे आला बिचारा, माझी बशी उचलली आणि लेकीच्या मागून हात पुढे केला. मी उभी राहिले.

"तिचं ताट उचलायचं नाही," मी म्हटलं. "ती जेवतेय."

तो हात मागे घेऊन उभा राहिला. काळ्या कोटातल्या माणसानं लांबूनच त्याला खूण केली, तसा तो गेला. मी मात्र बसले नाही. तिच्या खुर्चीमागे, पाठीवर हात ठेवून उभीच राहिले. थोड्या वेळानं तिचा डावा हात बशीवरून सुटला आणि मांडीवर गेला. ती आता सावकाश जेवायला लागली होती.

शेवटचं शीतही तिनं बोटानं पुसून खाल्लं. मग मान वर न करता म्हणाली, "आई, अजून थोडा वाढ."